पंच काय माफ करतो? लढतीच्या शैली, पकडी आणि ताकदीचा व्यायाम यांची तुलना कशी करायची

कुस्ती खेळून झाल्यावर मी जिउ-जित्सू शिकायला गेलो, म्हणजे जमिनीवर गळा आवळून किंवा सांधा पिरगळून हार मानायला लावणारा खेळ, आणि पहिल्याच दिवशी समोरच्याचा दुहेरी पट काढला, दोन्ही पाय धरून त्याला पाडलं. सुरेख निघाला. तो पाठीवर, मी वर. मनात म्हटलं, लागली पाठ. त्याला मात्र त्याचं काहीच वाटलं नव्हतं. माझं डोकं त्याच्या काखेत अडकलं होतं. त्याने हात गळ्याखालून घातला, पाय माझ्या कमरेभोवती आवळले, आणि चार-पाच सेकंदांत मी सुटकेसाठी त्याच्या पाठीवर थापा मारत होतो. त्याच एका हालचालीने मी माझ्या खेळात जिंकलो होतो आणि त्याच्या खेळात हरलो होतो.

तेव्हापासून ‘कराटे भारी की बॉक्सिंग, ज्यूदो भारी की कुस्ती’ या वादात मी पडत नाही. प्रत्येक खेळाचे नियम कुठली ना कुठली चूक माफ करतात, आणि माफ होत राहिलेली चूक काही वर्षांत अंगवळणी पडते. शैलींची तुलना करायची तर आधी ही माफी शोधायची. शिकायला कुठे जावं, पहिले महिने काय करावं आणि वजनं कशी उचलावीत, हे सगळं त्यानंतर.

पायरी १: चार प्रश्नांचा कागद

ज्या दोन-तीन शैली मनात असतील त्यांचे स्पर्धेचे नियम वाचा. तंत्राचे व्हिडिओ नंतर. कागदावर प्रत्येक शैलीपुढे चार गोष्टी लिहा: जिंकतात कसं, वर्ज्य काय, पंच लढत कधी थांबवून पुन्हा उभं करतो, आणि कपडा धरता येतो का.

कुस्तीत, मातीतली असो वा गादीवरची, पाठ लागली की खेळ संपतो. म्हणून पैलवान पडतानासुद्धा वळून पोटावर पडतो, हातपाय पसरून जमिनीला चिकटतो. त्याच्या नियमांत ते शहाणपण आहे. जिउ-जित्सूत पाठ लागण्याला काही किंमत नाही, पण पाठ दाखवण्याला फार मोठी आहे. मागून पाय अडकवून घेतलेल्या ताब्याला चार गुण मिळतात, छातीवर बसण्याइतकेच, आणि वर गळा आवळण्याची सर्वांत सोपी संधी. पैलवानाचं सगळ्यात सुरक्षित आसन तिथे सगळ्यात धोक्याचं ठरतं. उलट जिउ-जित्सूवाला स्वतःहून खुशाल पाठ टेकून पडतो, कारण वरून ठोसे येणार नाहीत हे त्याला ठाऊक असतं.

ज्यूदोत जमिनीवर काही घडत नसेल तर पंच लवकरच उभं करतो. म्हणून हल्ला फसला की कासवासारखं गोळा होऊन वाट पाहायची सवय लागते. साम्बो या रशियन कुस्तीच्या स्पर्धेत पायाच्या पकडी चालतात, गळा आवळणं चालत नाही, त्यामुळे मान उघडी टाकण्याची शिक्षा तिथे मिळत नाही. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली धरायला बंदी. तिथला मल्ल छातीला छाती लावून ताठ उभा राहतो, आणि पाय धरू शकणाऱ्या फ्रीस्टाइल कुस्तीवाल्यासमोर त्याचे पाय उघडे पडतात.

हात-पाय मारायच्या खेळांचंही तेच. तायक्वांदोच्या स्पर्धेत डोक्यावर ठोसा वर्ज्य, म्हणून हात खाली राहतात. क्योकुशिन कराटेतही चेहऱ्यावर ठोसा नाही, पण तिथे त्यातून वेगळीच सवय लागते: दोघं अगदी जवळ उभे राहून छाती-बरगड्यांवर ठोसे झेलत राहतात. बॉक्सिंगमध्ये मिठी पडली की पंच सोडवतो, तर मुए थायमध्ये त्याच मिठीत मान धरून गुडघे मारायची वेगळी विद्या आहे.

असा कागद तयार झाला की ‘श्रेष्ठ कोण’ हा प्रश्न आपोआप बारीक होतो आणि ‘माझी कुठली चूक कुठे पकडली जाईल’ हा उरतो. १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांना एकमेकांसमोर उभी करणारी स्पर्धा. जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन लढती जिंकल्या आणि जिउ-जित्सू हेच अंतिम सत्य अशी हवा झाली. १९९६ मध्ये मार्क कोलमन नावाच्या कुस्तीगिराने तीच स्पर्धा मारली: पाडायचं, वर बसायचं, ठोसे मारायचे. १९९७ मध्ये त्याच कोलमनला मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरने हरवलं, कारण तोवर स्मिथ जमिनीवर तग धरायला आणि परत उभं राहायला शिकला होता. चार वर्षांत तीन उत्तरं. दरवेळी जिंकला तो समोरच्याच्या खेळातली माफ झालेली चूक ओळखणारा.

पायरी २: वर्ग बघताना भिंतीवरची पदकं मोजू नका

शिकायला नाव घालण्याआधी एक पूर्ण तास बाजूला बसून बघा. एवढंच पाहायचं: समोरचा खरोखर विरोध करतोय, आणि तरीही डाव लावावा लागतोय, असा वेळ त्या तासात किती आहे? एक-तृतीयांश असेल तर उत्तम. शून्य असेल तर तिथे कवायत शिकाल. तीही वाईट नाही, पण तिला लढत म्हणू नका.

‘आमचे डाव इतके घातक आहेत की सरावात करताच येत नाहीत’ असं सांगणारे भेटतील. या युक्तिवादाला ज्यूदोचा जनक जिगोरो कानोने १८८२ मध्ये कोडोकान ही आपली शाळा काढून उत्तर देऊन ठेवलंय. जुन्या जुजुत्सूतले जे डाव पूर्ण जोराने केले तर जोडीदार मोडेल, ते त्याने मोकळ्या लढतीतून बाजूला ठेवले. उरलेले डाव रोज, पूर्ण जोर लावून, विरोध करणाऱ्या माणसावर करता येऊ लागले. घातक डाव हवेत हजार वेळा करणाऱ्यापेक्षा साधा डाव जिवंत माणसावर हजार वेळा करणारा पुढे जातो. ज्यूदोचं सगळं यश या एका हिशोबात आहे.

आणखी दोन गोष्टी डोळ्यांखालून घाला. नवख्याशी जुने खेळाडू कसे लढतात? नव्या माणसाला चेपण्यात धन्यता मानणारी मंडळी असतील तर तिथून निघा. आणि कुणी थाप मारली की पकड त्याच क्षणी सुटते का? मी एका ठिकाणी वस्तादच दोन सेकंद उशिरा सोडताना पाहिले. वर्गणी न भरता परत आलो.

पायरी ३: पहिले सहा आठवडे पडायला आणि हरायला

पहिला धडा पडण्याचा. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीकडे, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल. हात शरीरापासून साधारण ४५ अंशांवर ठेवून तळवा आणि पूर्ण कोपरापुढचा हात एकदम जमिनीवर आपटायचा. पडताना हात मागे टेकवून स्वतःला सावरायचा मोह आवरा. मनगट, कोपर आणि गळपट्टीचं हाड त्यातच जातं. आधी बसून, मग उकिडवं, मग उभं राहून, शेवटी कुणीतरी फेकून. रोज वीस-वीस वेळा. कंटाळवाणं आहे, पण पुढे निसरड्या जिन्यावर हेच कामाला येईल.

दुसरा धडा थाप मारण्याचा. जोडीदाराच्या अंगावर, त्याला जाणवेल अशी, दोन-तीन वेळा. हात अडकले असतील तर तोंडाने बोला. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या गेल्या तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाते, आणि जाण्याआधी दुखेलच असं नाही. कुणी बेशुद्ध झालाच तर पकड तत्काळ सोडा. हाताचा सांधा उलटा ताणणाऱ्या पकडीत दुखणं आधी येतं, इजा नंतर. टाच पिळण्याच्या पकडीत मात्र हा क्रम उलटतो: गुडघ्याचे अस्थिबंध तुटेपर्यंत फारसं दुखतच नाही. म्हणून तिथे दुखायची वाट न पाहता पकड बसली की थाप. पहिली एक-दोन वर्षं या पकडीच्या वाटेला न गेलेलंच बरं.

थाप न मारण्याची किंमत काय, हे १९५१ मध्ये ब्राझीलने पाहिलं. जपानी ज्यूदोपटू मासाहिको किमुराने ब्राझीलच्या जिउ-जित्सूवाल्या हेलिओ ग्रेसीचा हात पाठीमागे पिरगळला. हेलिओने हार मानली नाही, हात मोडला, आणि अखेर त्याच्या बाजूच्यांनी लढत थांबवली. त्या पकडीला आज जगभर ‘किमुरा’ म्हणतात. बाणेदारपणाचं कौतुक जरूर करावं, पण आपल्याला उद्या पुन्हा सरावाला यायचंय.

तिसरा धडा म्हणजे अंगाखालून सुटणं. नवखा माणूस बहुतेक वेळ खालीच असतो, तेव्हा शिकण्याचा क्रमही तोच हवा. छातीवर बसलेल्याचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून कंबर उचलून त्याला उलथवणं, आणि कुशीवर होऊन कंबर मागे सरकवत गुडघा मध्ये घालणं, एवढे दोनच मार्ग सहा आठवडे घोटा. हल्ल्याचे डाव नंतर.

पायरी ४: एकच डाव, अनेक नियमांत

तंत्रांची तुलना करायची सर्वांत चांगली रीत म्हणजे एक डाव घेऊन त्याला निरनिराळ्या नियमांखाली घासून बघणं. दुहेरी पट घेऊ.

मूळ क्रिया अशी. कंबर वाकवायची नाही, गुडघ्यात खाली जायचं, पाठ सरळ. पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मध्ये, खोलवर. मागचा गुडघा जमिनीला जेमतेम लागून लगेच पुढे यायला हवा. दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांमागे. कान त्याच्या बरगड्यांना चिकटलेला, डोकं बाहेरच्या बाजूला, नजर वर. मग सरळ रेटण्याऐवजी डोक्याच्या रेट्याने तिरकं वळायचं. सरळ रेटलं तर तो मागे पावलं टाकत राहतो. तिरकं गेलं की टेकायला पाय उरत नाही.

नवख्याची चूक ठरलेली असते. तो हाताने पाय ‘पकडायला’ जातो आणि स्वतःचे पाय मागेच राहतात. मग समोरचा दोन्ही पाय मागे फेकून छातीचा सगळा भार मानेवर टाकतो आणि खेळ आटोपतो. पट हा पायांनी काढायचा डाव आहे. हात शेवटी येतात.

आता नियम बदला. फ्रीस्टाइलमध्ये हा राजा डाव: दोन गुण, आणि पाठ गादीकडे झाली तर चार. आधुनिक ज्यूदोत पायांना हात लावण्यावर २०१० पासून निर्बंध आले आणि २०१३ मध्ये ती दारं पुरती बंद झाली. म्हणून आजचा ज्यूदोपटू कॉलर आणि बाही धरून ताठ उभा असतो. जिउ-जित्सूत दोन गुण मिळतात, पण डोकं खाली जाऊन काखेत अडकलं की गळा गेला, माझा गेला तसा. ठोसे, लाथा आणि पकडी सगळंच चालणाऱ्या मिश्र लढतीत खाली जाताना समोरून गुडघा येऊ शकतो, म्हणून आधी ठोशाची हूल देऊन त्याचे हात वर न्यावे लागतात. डाव तोच, फक्त डोक्याची जागा आणि येण्याची वेळ नियमानुसार बदलते.

असाच व्यायाम खांद्यावरून फेकायच्या डावावर करा. कुस्तीतली धोबीपछाड आणि ज्यूदोतला सेओई-नागे ही सख्खी भावंडं. पाठ त्याच्या छातीला लावायची, स्वतःची कंबर त्याच्या कमरेच्या खाली न्यायची, हात खांद्यावरून ओढायचा. फरक पकडीत. अंगात जाड कपडा असेल तर बाही लांबूनच ओढून तोल मोडता येतो. उघडं, घामट अंग असेल तर दंड काखेजवळ घट्ट कवटाळावा लागतो आणि अंतर पार संपवावं लागतं. कपड्यातला खेळाडू कपड्याविना लढायला उभा राहिला की पहिला महिना त्याचा सगळा जोर बोटांतून निसटत असतो. उलट, कपड्याविना शिकलेल्याला कपड्यात अडकल्यावर सुटायचं कसं ते कळत नाही. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या पद्धतीला देणं यावर उपाय आहे.

कुठलाही फेकायचा डाव असो, ज्यूदोने त्याचे तीन टप्पे फार स्वच्छ मांडलेत: तोल मोडणं, जागेवर जाणं, फेकणं. डाव फसला की बहुतेकांना वाटतं फेकायची ताकद कमी पडली. दहापैकी आठ वेळा तोलच मोडलेला नसतो.

पायरी ५: वजनं, पण आखाड्याची चाकर म्हणून

तंत्र असेल तर ताकद लागत नाही, हे वाक्य प्रसिद्ध आहे आणि अर्धवट आहे. तंत्र सारखं असेल तर ताकदवान जिंकतो. म्हणून तर वजनगट आहेत. नवख्यासाठी तिचं खरं काम मात्र सांधे टिकवण्याचं. मान, खांदे, गुडघे आणि पकड.

जोर-बैठकांपासून सुरुवात करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जोर मारताना खांद्याची लवचीकता आणि दम दोन्ही मिळतं, पण एका दमात पन्नास निघू लागले की पुढचे पन्नास दम वाढवतात, ताकद फारशी नाही. शिवाय जोर म्हणजे ढकलणं, बैठक म्हणजे उठणं. ओढणं दोन्हीत नाही. आणि पकडीचा खेळ निम्म्याहून अधिक ओढण्याचा आहे. दोर चढणं, पुलअप (बारला लटकून अंग वर ओढणं) आणि रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं) यांनी ती उणीव भरून काढा.

पहिल्या सहा महिन्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस, पाऊण-पाऊण तास पुरे.

पहिला दिवस: बारबेल स्क्वॉट (खांद्यावर वजनाचा बार घेऊन बैठक) ३ फेऱ्या, प्रत्येकी ५ वेळा, पुलअप ३ फेऱ्या, जमतील त्यातले दोन राखून, डिप्स (दोन समांतर दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं) किंवा जोर ३ फेऱ्या, दोन्ही हातांत जड वजन घेऊन ३०-४० मीटर चालणं, चार खेपा.

दुसरा दिवस: डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उभं राहत उचलणं) ३ फेऱ्या, प्रत्येकी ५ वेळा, डोक्यावर वजन ढकलणं ३ फेऱ्या ६ वेळा, एका हाताने रोइंग ३ फेऱ्या ८ वेळा, एक पाय पुढे ठेवून बैठक, प्रत्येक पायाला ८, शेवटी बारवर टॉवेल टाकून त्याला लटकणं, दमेल तोवर, तीन वेळा.

दोन्ही दिवशी मान: तळहात कपाळावर ठेवून डोक्याने दाबायचं, मान हलू द्यायची नाही, दहा सेकंद. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. डोक्यावर उलटी कमान करून झुलणं जुने मल्ल करतात. ते वाईट नाही, पण त्यासाठी आधी काही महिन्यांची मान कमवावी लागते.

वजन किती? पाच वेळा उचलल्यावर आणखी दोनदा उचलता आलं असतं असं वाटेल इतकं. फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. धापा टाकत उचललेलं वजन ताकदीचं राहत नाही. तिन्ही फेऱ्या स्वच्छ झाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. दर पाचव्या-सहाव्या आठवड्याला फेऱ्या निम्म्या करा. हा आठवडा आळसाचा वाटतो आणि तोच सगळ्यात जास्त लोक गाळतात.

प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम. एवढ्यावर आहाराचा विषय मी संपवतो. स्पर्धेसाठी पाणी तोडून वजन उतरवण्याचा विचारही पहिल्या वर्षी नको.

पायरी ६: आठवडा मांडणं

गाडी घसरते ती इथे. उत्साहाच्या भरात चार दिवस सराव, चार दिवस वजनं, वर धावणं. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन यांनी ताकद आणि दमाचे व्यायाम एकत्र करणाऱ्यांवर प्रयोग केला. दहा आठवडे दोन्ही जोरात करणाऱ्या गटाची ताकद सुरुवातीला वाढली, पण शेवटाकडे उलट घसरू लागली. फक्त वजनं उचलणाऱ्यांची वाढतच राहिली. दोन्ही करू नका असा याचा अर्थ नाही. दोन्ही कमालीचं करू नका असा आहे.

माझी मांडणी अशी: सोम, बुध, शुक्र सराव, मंगळ आणि शनी वजनं, गुरुवारी हलकं चालणं, रविवार रिकामा. तिन्ही सराव जीव तोडून करायचे नाहीत. एक तंत्राचा, एक ठरावीक स्थितीतून सुरू होणाऱ्या लढतींचा, एक पूर्ण मोकळा. दोन्ही एकाच दिवशी करायची वेळ आली तर तंत्र आधी, वजनं नंतर. मधे सहा तास मिळाले तर उत्तम. डेडलिफ्टच्या दुसऱ्या दिवशी पकड मेलेली असते, म्हणून ती शनिवारी.

डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं किंवा आठवेना झालं तर त्या दिवशी पुन्हा उतरायचं नाही, ‘बरं वाटतंय’ असं कितीही वाटलं तरी, आणि पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं. नखं कापलेली, सरावानंतर लगेच आंघोळ, कपडे दरवेळी धुतलेले. अंगावर गोल, खाजरा चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत गादीवर पाय ठेवायचा नाही. एकाचा नायटा पंधरा दिवसांत सगळ्या वर्गाचा होतो. मीही एकदा अशा वर्गात होतो.

पायरी ७: तीन महिन्यांनी

पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा आणि आता स्वतःची माफ झालेली चूक शोधा. जोडीदाराला सांगा, ‘तुझ्या आवडत्या जागेपासून सुरू कर.’ त्याला छातीवर बसू द्या, पाठ द्या, पाय धरू द्या. प्रत्येक जागेपासून दोन-दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या, आणि किती वेळा सुटलात ते वहीत. पुढच्या महिन्याचा सराव त्यातल्या सर्वांत वाईट आकड्यावर.

मग दुसऱ्या शैलीच्या वर्गात पाहुणे म्हणून दोन तास जाऊन या. कुस्तीवाल्यांनी गळा आवळणाऱ्यांकडे, जिउ-जित्सूवाल्यांनी फेकणाऱ्यांकडे, ज्यूदोवाल्यांनी पट काढणाऱ्यांकडे. जाताना पट्टा घरी ठेवा आणि दारातच वस्तादांना सांगा की तुमचे नियम मला ठाऊक नाहीत. माझा गळा पहिल्या दिवशी गेला, तेव्हा मी हे सांगितलं नव्हतं.